जुन्या पूल टेबलाचा जीर्णोद्धार

पूलचे टेबल दिसते लाकडी, पण त्यावरचा खेळ चालतो तो दगडावर आणि रबरावर. हिरव्या कापडाखाली पाटीच्या दगडाच्या जाड लाद्या असतात, चारही काठांच्या आतल्या अंगाला त्रिकोणी छेदाच्या रबरी पट्ट्या चिकटवलेल्या असतात, आणि कोरलेले पाय, जडावकाम केलेल्या बाजू, चकचकीत पॉलिश हा लाकडाचा सारा डौल या दोहोंना योग्य उंचीवर, योग्य जागी धरून ठेवण्यासाठी उभारलेला असतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे टेबल पुन्हा खेळण्याजोगे करण्याचे काम समजून घेताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. कारण अशा टेबलाचे काही भाग झिजून बदलले जावेत याच हिशेबाने बनवलेले असतात आणि काही भाग पिढ्यान्‌पिढ्या टिकावेत म्हणून. कापड, रबर आणि पॉकेटांचे चामडे हे पहिल्या प्रकारातले. दगड, चौकट आणि पाय हे दुसऱ्या. पहिल्या प्रकारातले भाग निःसंकोच बदलणे आणि दुसऱ्याला होता होईल तो हात न लावणे, यातच जीर्णोद्धार करणाऱ्याचे कौशल्य असते. फसलेल्या कामांत नेमके याच्या उलट झालेले आढळते: लाकूड तासून नवे कोरे केलेले असते आणि रबर मात्र कित्येक दशकांपूर्वीचे, दगडासारखे कडक झालेले, तसेच राहिलेले असते.

पूल हा बिलियर्ड्सच्या कुळातला खेळ आहे. या कुळातील काही खेळांत टेबलाला पॉकेटेच नसतात, आणि चेंडू एकमेकांवर व काठांवर आदळवून गुण मिळवायचे असतात. इंग्लंडमध्ये वाढलेल्या बिलियर्ड्सला आणि स्नूकरला सहा पॉकेटांचे बारा फुटी टेबल लागते. अमेरिकेत रुजलेल्या पूललाही पॉकेटे सहाच, पण टेबल लहान असते. आज ज्याला ‘नऊ फुटी’ म्हटले जाते त्या पूल टेबलाची प्रत्यक्ष खेळण्याची जागा २५४ सेंटिमीटर लांब व १२७ सेंटिमीटर रुंद, म्हणजे रुंदीच्या बरोबर दुप्पट लांब असते, आणि त्यावरच्या चेंडूचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो. ही मापे पुढे अनेकदा कामी येणार आहेत, कारण जुन्या टेबलाच्या दुरुस्तीतले बहुतेक प्रश्न शेवटी मिलिमीटरांच्या अंशांवर येऊन ठेपतात.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टेबलाचा पृष्ठभाग फळ्यांचा असे. फळी कितीही मुरवलेली असली तरी दमट हवेत ती फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते, त्यामुळे चेंडू सरळ जाईल याची खात्री कुणालाच देता येत नसे. लंडनचा टेबलनिर्माता जॉन थर्स्टन याने १८२६ मध्ये फळ्यांच्या जागी पाटीचा दगड वापरला आणि हा प्रश्न मुळातून सोडवला. शाळेतल्या पाटीचाच हा दगड. तो थराथरांचा असल्यामुळे सपाट चिरता येतो, घासून गुळगुळीत करता येतो आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. काठांच्या बाबतीत मात्र उत्तर इतक्या सहजी सापडले नाही. पूर्वी काठांच्या आत कापडाच्या पट्ट्या किंवा घोड्याचे केस भरत, आणि त्यांवरून चेंडू मरगळल्यासारखा परतत असे. थर्स्टनने १८३५ च्या सुमारास कच्चे रबर वापरून पाहिले. ते उसळी चांगली देई, पण इंग्लंडच्या थंडीत गोठून कडक होई, म्हणून खेळ सुरू करण्यापूर्वी काठांना गरम पाण्याची भांडी लावून ठेवावी लागत. रबरात गंधक मिसळून ते तापवले की थंडी-उन्हात त्याचा गुण फारसा बदलत नाही, हा शोध चार्ल्स गुडइयर याने लावला आणि त्याला १८४४ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. व्हल्कनीकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रक्रियेचे रबर थर्स्टनच्या टेबलांना लगेचच, १८४५ मध्ये, लागले. आजच्या टेबलाचा सांगाडा या वीस वर्षांत ठरला, आणि त्यानंतर त्यात मूलभूत असा बदल झालेला नाही. म्हणूनच दीडशे वर्षांपूर्वीचे टेबलही आजच्या स्पर्धेच्या तोडीने खेळवता येते. फार थोड्या यंत्रांच्या किंवा उपकरणांच्या बाबतीत असे म्हणता येईल.

अमेरिकेत मिळणाऱ्या जुन्या टेबलांपैकी फार मोठा वाटा एकाच घराण्यातून आलेला आहे. स्वित्झर्लंडहून आलेला आणि घोडागाड्या बनवण्याचा व्यवसाय करणारा जॉन मोझेस ब्रन्स्विक याने १८४५ मध्ये सिनसिनाटी येथे बिलियर्ड्सची टेबले बनवायला सुरुवात केली. त्याच काळात न्यू यॉर्कमध्ये मायकेल फेलन हा आयर्लंडमध्ये जन्मलेला खेळाडू या धंद्यात उतरला होता. बिलियर्ड्सवरचे पहिले अमेरिकन पुस्तक त्याने १८५० मध्ये लिहिले, रबरी काठांच्या रचनेची पेटंटे घेतली, आणि काठांवर नेम धरण्यासाठी ठरावीक अंतराने खुणा बसवण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. ह्यू कॉलेंडर हा त्याचा जावई आणि भागीदार. फेलन १८७१ मध्ये वारल्यावर धंदा कॉलेंडरच्या नावाने चालू राहिला. दुसरीकडे ब्रन्स्विकने १८७३ मध्ये ज्युलियस बाल्क याच्याशी हातमिळवणी केली. आणि १८८४ मध्ये ही सारी नावे ‘ब्रन्स्विक-बाल्क-कॉलेंडर’ या एका कंपनीत एकत्र आली. हे नाव १९६० पर्यंत टिकले. हा इतिहास दुरुस्ती करणाऱ्यालाही उपयोगी पडतो, कारण टेबलाच्या बाजूला ठोकलेल्या नामपट्टीवर नुसते ‘ब्रन्स्विक अँड बाल्क’ असेल तर टेबल १८८४ च्या आधीचे, तिन्ही नावे असतील तर त्यानंतरचे, असा काळ पट्टीवरूनच बांधता येतो. पट्टी मात्र एका टेबलावरून काढून दुसऱ्यावर ठोकणे अवघड नसते, तेव्हा लाकडाची जात, बोल्टची जागा आणि पायांची घडण यांची साक्ष तिच्या जोडीला घ्यावीच लागते.

या काळातील टेबलांचे रूप पाहण्यासारखे होते. ब्रन्स्विकच्या ‘मोनार्क’ या नमुन्याचे पाय ओतीव लोखंडाच्या सिंहांचे होते; इतर नमुन्यांत रोजवुड, अक्रोड, महोगनी, मेपल यांचे पातळ पापुद्रे साध्या लाकडावर चिकटवून, त्यांत वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांची वेलबुट्टी जडवलेली असे. पापुद्रा चिकटवण्याच्या या पद्धतीला व्हीनिअर म्हणतात, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने तीच सर्वांत नाजूक बाब ठरते.

जुने टेबल उलगडण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी पॉकेटे, मग काठ, मग कापड, मग दगड आणि शेवटी चौकट व पाय. काठ कसे जोडले आहेत हे बाहेरून चटकन कळत नाही. जुन्या अमेरिकन टेबलांच्या बाजूंवर ठरावीक अंतराने लाकडाची गोल, फुलासारखी कोरलेली बटणे दिसतात. ती नक्षी वाटते, पण प्रत्येक बटणाखाली एक बोल्ट दडलेला असतो. हा बोल्ट काठातून आडवा जाऊन थेट दगडाच्या कडेत शिरतो, जिथे दगडाला खालून खाच कोरून नट बसवलेली असते किंवा शिसे ओतून पक्की केलेली असते. पुढील काळातल्या टेबलांत मात्र बोल्ट दगडाच्या खालून वर, काठात जातो. आडव्या बोल्टची रचना नीट न ओळखता काठ ओढून काढण्याचा प्रयत्न केला, की दगडाची कड उडते, आणि उडालेली कड भरून काढता आली तरी ती पूर्वीइतकी भरवशाची कधीच होत नाही. त्याहून साधी पण महत्त्वाची खबरदारी म्हणजे प्रत्येक बोल्ट कोणत्या भोकातला आहे याची चिठ्ठी बांधून ठेवणे. या बोल्टचे आटे आजच्या ठरावीक मापांशी जुळतीलच असे नसते, आणि कित्येकदा एका भोकाचा बोल्ट शेजारच्या भोकातही बसत नाही. काठ, चौकट आणि दगड यांवर अनेकदा कारखान्यातच रोमन आकडे कोरलेले असतात. जुळणाऱ्या आकड्यांचे भाग एकमेकांसाठीच घासून बसवलेले असल्यामुळे, धूळ पुसताना हे आकडे शोधून त्यांची नोंद करणे हे पहिल्या दिवसाचे काम समजावे.

नऊ फुटी टेबलाचा दगड साधारणपणे तीन लाद्यांचा असतो. जाडी किमान एक इंच, आणि तिन्हींचे मिळून वजन पावणेतीनशे किलोंच्या आसपास भरते. लादी उचलताना ती नेहमी कडेवर उभी धरून न्यावी लागते, कारण आडवी धरली तर स्वतःच्याच वजनाने मध्यावर तडकण्याचा धोका असतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कारखान्यांना पेनसिल्व्हेनिया व व्हर्मॉन्टच्या खाणींतून हा दगड मिळे, इंग्रज कारखान्यांना वेल्समधून. आज तो इटलीच्या लिगुरिया प्रांतातूनही येतो. तिन्ही लाद्या कारखान्यात एकत्र ठेवून घासलेल्या असल्यामुळे त्यांतली एकच फुटली तरी बाजारातून तेवढीच नवी लादी आणून भागत नाही. तिची जाडी आणि सपाटी उरलेल्या दोहोंशी जुळवावी लागते. म्हणून जुन्या टेबलाचा दगड शाबूत असणे हेच त्याचे खरे मोल, मग लाकडाची अवस्था कितीही वाईट असो.

लाकडाच्या कामात उतावळेपणा सर्वांत महागात पडतो. जुन्या टेबलांचे सांधे आणि व्हीनिअर सरसाने चिकटवलेले असतात. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनवलेला हा सरस उष्णता आणि ओलावा मिळाला की पुन्हा मऊ होतो, आणि सुकला की पुन्हा धरतो. याच गुणामुळे सुटलेला व्हीनिअर कोमट इस्त्रीने आणि ओल्या फडक्याने बसवता येतो, सांधा न तोडता उघडता येतो. परंतु हाच गुण त्याचा घातही करतो. रंग काढण्यासाठी लाकूड कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवण्याची जी सोपी पद्धत आहे, तिने रंगाबरोबर सरसही विरघळतो, व्हीनिअर लाटांसारखा उचलला जातो आणि जडावकामाचे तुकडे टाकीच्या तळाशी सापडतात. जुने पॉलिश कोणते आहे हे आधी पाहिले तर बहुतेकदा ही वेळ येतच नाही: न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा फिरवून पॉलिश विरघळले तर ते लाखेचे, म्हणजे शेलॅकचे, आहे असे समजावे, आणि मग ते खरवडून न काढता त्यावरच नवे पातळ थर चढवून त्याला उजळता येते. लाखेच्या किड्यांपासून मिळणारा हा पदार्थ त्या काळी प्रामुख्याने भारतातून जगभर जात असे; अमेरिकन दिवाणखान्यांतल्या या टेबलांवरची चमक बहुतांशी भारतीय जंगलांची देणगी होती, ही गोष्ट क्वचितच कुणाच्या लक्षात येते.

लाकडाच्या काही जातींनी आता कायद्याचा प्रश्नही उभा केला आहे. आपल्याकडच्या शिसवाच्याच प्रजातीतला ब्राझीलचा रोजवुड १९९२ पासून वन्य जीव व वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे, त्यामुळे असे टेबल किंवा त्याचा तुटलेला भाग जोडण्यासाठी लागणारे लाकूड देशाबाहेर नेणे-आणणे कागदपत्रांवाचून शक्य नसते. काठांवरच्या जुन्या खुणा हस्तिदंती असतील तर निर्बंध त्याहून अधिक कडक असतात. गहाळ खुणेच्या जागी हाडाची किंवा शिंपल्याची खूण बसवणे आणि तशी नोंद टेबलाच्या कागदांत ठेवणे, हाच अशा वेळी सरळ मार्ग ठरतो.

चौकट उभी राहिली की खऱ्या कसोटीचे काम सुरू होते, ते म्हणजे दगड समतल करण्याचे. स्पर्धेच्या नियमांनुसार पृष्ठभागाच्या लांबीत अर्ध्या मिलिमीटरहून आणि रुंदीत पाव मिलिमीटरहून अधिक फरक चालत नाही. गवंड्याच्या साध्या पाणसळीला एवढा फरक दिसतच नाही. त्यासाठी यंत्रशाळेत वापरली जाणारी पाणसळ लागते, जिच्या काचेतला बुडबुडा मीटरमागे अर्ध्या मिलिमीटरहून कमी उतारालाही एक घर सरकतो. आधी चौकटीचे पाय कमी-जास्त करून मोठा उतार काढतात, मग लाद्या ठेवून चौकट आणि दगड यांमध्ये लाकडाच्या पातळ पाचरी सारतात. पाचर हलके ठोकताच बुडबुडा हलतो. तो थांबेपर्यंत वाट पाहायची, लादीच्या दुसऱ्या टोकाला पाणसळ न्यायची, तिथली पाचर किंचित सैल करायची, आणि पुन्हा पहिल्या टोकाला यायचे, अशा फेऱ्यांत तास निघून जातात. अमेरिकेत या कारागिरांना बिलियर्ड मेकॅनिक म्हणतात, आणि त्यांच्या पेटीत पत्त्यांचा जुना कॅट हमखास असतो, कारण खेळण्याच्या पत्त्याची जाडी सगळीकडे एकसारखी असते, तो दाबाखाली सहसा चेपत नाही आणि एकावर एक ठेवून हवी तेवढी उंची मोजून साधता येते. जुनी टेबले उलगडताना दगडाखालून मळकट एक्का किंवा गुलाम निघतो, तो खेळताना पडलेला नसतो. आधीच्या एखाद्या कारागिराने तो विचारपूर्वक तिथे ठेवलेला असतो, आणि कोणत्या कोपऱ्यात चौकट बसली होती हे तो पत्ता नव्या कारागिराला सांगतो.

दोन लाद्यांच्या सांध्यावर बोटाचे नख फिरवून पायरी लागते का हे पाहिले जाते, कारण नखाला जाणवणारी पायरी चेंडूलाही जाणवते. सांध्यातली फट भरण्यासाठी अमेरिकेत वितळवलेले मधमाश्यांचे मेण ओतून, थंड झाल्यावर पातळ पात्याने दगडाच्या पातळीला आणतात. मेणाचा फायदा असा, की पुढे टेबल हलवताना ते सहज निघते आणि दगडाला इजा होत नाही. इंग्लिश परंपरेत हेच काम प्लास्टर ऑफ पॅरिसने होते. मेण उष्णतेने मऊ होते, ही त्याची मर्यादा उष्ण प्रदेशांत विसरून चालत नाही. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर किंवा सोलापूरसारख्या ठिकाणी बंद दालनात मेण भरलेला सांधा जपण्यापेक्षा प्लास्टर बरे.

दगड बसला की प्रश्न उरतो काठांचा, आणि जुन्या टेबलांच्या बाबतीत हाच सर्वांत कमी समजला गेलेला भाग आहे. काठाच्या आतल्या कडेला रबराचा जो टोकदार भाग चेंडूला प्रत्यक्ष भिडतो, त्याला नाक म्हणतात. हे नाक चेंडूच्या मध्यापेक्षा थोडे वर लागावे लागते. नियमांत ही उंची चेंडूच्या व्यासाच्या साडेबासष्ट ते साडेचौसष्ट टक्के दिली आहे, म्हणजे ५७.१५ मिलिमीटरच्या चेंडूसाठी दगडापासून सुमारे ३६ मिलिमीटर. नाक यापेक्षा खाली गेले तर वेगाने आलेला चेंडू काठाला लागून उडी मारतो. वर गेले तर चेंडू कापडात दाबला जातो आणि त्याचा वेग मरतो. आता अडचण अशी, की एकोणिसाव्या शतकातली कित्येक टेबले पॉकेटविरहित खेळासाठी किंवा त्या काळी अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या चार चेंडूंच्या खेळासाठी बनवलेली होती, आणि त्या खेळांचे चेंडू मोठे असत. पॉकेटविरहित टेबलावरचा आजचा चेंडूही सुमारे साडेएकसष्ट मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच्यासाठी काठाचे नाक वेगळ्या उंचीवर लागते. अशा टेबलावर मूळ जागीच नवे रबर चिकटवून आजचे पूलचे चेंडू सोडले, तर उंचीच्या या फरकाने खेळ बिघडतो, आणि मालक नव्या रबराला दोष देत राहतो. म्हणून जाणता कारागीर जुने रबर काढण्यापूर्वी नाकाची उंची, रबराचा छेद आणि ज्या लाकडी पट्टीवर ते चिकटवलेले असते तिचा कोन, ही तिन्ही मापे लिहून ठेवतो; मग टेबल कोणत्या चेंडूने खेळले जाणार आहे हे ठरवून, गरज पडली तर त्या पट्टीवर नवे लाकूड चढवून किंवा ती तासून कोन दुरुस्त करतो, आणि मगच रबर लावतो. रबराचे छेद बाजारात वेगवेगळ्या आकारांत मिळतात, ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि स्वस्त म्हणून आणलेला चुकीचा छेद कितीही चांगल्या डिंकाने चिकटवला तरी चुकीचाच राहतो.

रबर मेले आहे की जिवंत आहे याची परीक्षा सोपी आहे. अंगठ्याच्या नखाने दाबून खळी पडते का आणि ती लगेच भरून येते का हे पाहावे. व्हल्कनीकरण केलेले असले तरी रबर काळाने कडक होते, भेगाळते आणि भुगा होऊन गळते. नवे काठ बसल्यावर टेबलाच्या एका टोकाकडून चेंडू पूर्ण जोराने पण उडी न मारता समोरच्या काठावर मारला, तर त्याने थांबण्यापूर्वी टेबलाची लांबी चार ते साडेचार वेळा कापली पाहिजे. तीनच वेळा कापून तो थांबला, तर रबर, नाकाची उंची किंवा काठाचा बोल्ट यांपैकी काहीतरी सदोष आहे, आणि बहुतेकदा बोल्टच सैल असतो.

कापड बसवणे हे सर्वांत शेवटचे आणि सर्वांत दिसणारे काम. पूलच्या टेबलाला आज विणकाम घट्ट, पृष्ठभाग जवळजवळ लव नसलेला, असे लोकरीत नायलॉन मिसळलेले कापड लावतात. बेल्जियममधील व्हर्विए येथील इवान सिमोनिस ही १६८० पासूनची गिरणी त्यासाठी प्रसिद्ध आहे. हे कापड सगळीकडून सारखे ताणावे लागते, कारण सैल राहिले तर चेंडूच्या पुढे सुरकुती धावते, आणि एका बाजूला जास्त ताणले तर तिथला चेंडू दुसऱ्या बाजूपेक्षा वेगाने पळतो. काठांवरच्या कापडाची वरची कड लाकडातल्या अरुंद खोबणीत घालून त्यावर एक बारीक लाकडी पट्टी दाबून बसवतात. ही पट्टी लाकडाच्या पातळीपेक्षा केसभरही वर राहिली तर काठावर टेकवलेला हात आणि त्याबरोबर क्यू, म्हणजे खेळण्याची काठी, अडखळतो. जुन्या टेबलांतली ही पट्टी काढताना मोडते, आणि मूळ लाकडाची नवी पट्टी करून घेणे हे छोटे काम असूनही बहुतेक ठिकाणी टाळले जाते, ही खेदाची बाब आहे.

महाराष्ट्रातील जुन्या क्लबांत आणि जिमखान्यांत दिसणारी टेबले मात्र बहुधा या अमेरिकन घराण्यातली नसून इंग्लिश आहेत: बारा फुटी, आठ पायांची, पाच लाद्यांची, आणि दगडासकट एक टनाहून जड. त्यामागे इतिहास आहे. स्नूकर हा खेळच भारतात जन्मला. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने त्याची कल्पना काढली, असे मानले जाते, आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम निश्चित झाले. अशाच टेबलांवर पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स घडले आणि १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद मिळवून ते वैयक्तिक खेळातले भारताचे पहिले जगज्जेते ठरले. १९६४ मध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये हाच मान मिळवला. हा वारसा इतका मोठा असताना ज्या टेबलांवर तो उभा राहिला त्यांच्या दुरुस्तीचे ज्ञान अजून मोजक्या कारागिरांच्या हातांतच असावे आणि त्याची लेखी नोंद फारशी होऊ नये, ही उणीव दूर होण्याची गरज आहे.

इंग्लिश टेबलाच्या दुरुस्तीची तत्त्वे तीच आहेत, तपशील वेगळे. त्याच्या कापडाला लव असते, ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकाच दिशेने बसवलेली असते, आणि ब्रश व इस्त्री त्याच दिशेने फिरवावी लागते. उलट दिशेने फिरवली तर लव उभी राहून चेंडू तिच्या बाजूने वळतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ही लव हवेतला ओलावा धरते, चेंडू जड पळतो आणि काठांवरची उसळी मंदावते. मोठ्या स्पर्धांत यासाठी दगडाखाली विजेचे तापक लावून कापड कोरडे ठेवले जाते. क्लबांना तेवढे शक्य नसले तरी दालन बंद ठेवून दमटपणा आटोक्यात ठेवणे आणि टेबलावर सदैव आच्छादन घालणे एवढ्यानेही बराच फरक पडतो.

जीर्णोद्धाराच्या नावाखाली सर्वांत मोठे नुकसान झाले ते टेबले कापून लहान करण्याने. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन टेबले अकरा-बारा फुटीही असत, त्यांपैकी अनेकांना चारच पॉकेटे असत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या मोठ्या स्पर्धाही दहा फुटी टेबलांवर होत. घरे लहान झाली, नऊ आणि आठ फुटी टेबलांची चाल आली, तशी ही टेबले करवतीखाली गेली: काठ आखूड केले गेले, जडावकामाची वेलबुट्टी मधूनच तोडली गेली, दगडाच्या कडा कापून नवी पॉकेटे पाडली गेली. असा बदल उलटवता येत नाही. रबर, कापड, चामडे बदलले तरी मूळ टेबल मूळच राहते. करवत चाललेले टेबल मात्र निराळीच वस्तू होते, आणि तिची किंमतही त्याच हिशेबाने उतरते. लहान खोलीसाठी टेबल हवे असेल तर मुळात लहान असलेले जुने टेबल शोधावे आणि मोठे टेबल ज्याच्याकडे जागा आहे त्याला द्यावे, हे सांगण्याचे धैर्य कारागिराने दाखवले पाहिजे.

जुने टेबल विकत घेताना म्हणूनच पॉलिशपेक्षा आधी पाहायच्या त्या गोष्टी खाली, कापडाच्या आड असतात: तिन्ही लाद्या एकाच संचाच्या आहेत का आणि बोल्टच्या भोकांपाशी त्यांना तडे गेले आहेत का, काठ मूळ लांबीचे आहेत का आणि त्यांवरच्या खुणा सारख्या अंतरावर आहेत का, काठांच्या मागील पट्ट्यांवर नंतर लाकूड चढवले किंवा तासले गेले आहे का, आणि बोल्ट, बटणे व पॉकेटांच्या लोखंडी कड्या पूर्ण आहेत का. यांतले एखादे बटण गहाळ असेल तर ते सुताराकडून घडवून घेता येते. लादी गहाळ असेल तर बहुधा सौदा सोडून द्यावा. टेबल घरी येऊन उभे राहिल्यावरही काम संपत नाही, कारण एवढे वजन एका जागी आल्यावर जमीन, विशेषतः वरच्या मजल्यावरची, हळूहळू बसते आणि पाचरी चेपतात; त्यामुळे काही महिन्यांनी कारागिराला पुन्हा बोलावून, कापड व काठ न काढताच चौकटीखालून पाय आणि पाचरी तपासून घ्याव्यात, आणि सांध्यांची पातळी त्या वेळी हलली असेल तर कापड पुढच्या वेळी बदलताना दगड पुन्हा बसवण्याचे तेव्हाच ठरवून ठेवावे.